धीराची पट्टी

गाठ सुटेना. धुक्याने कापड भिजून आवळलं होतं आणि तिची बोटं गारठून काटक्यांसारखी झाली होती. शेवटी तिने सायकल कमरेला टेकवली, खांबाशी तोंड नेलं आणि दातांनी गाठ सैल केली. नारिंगी पट्टी हातात आली. ती पिळून गळ्यातल्या पिशवीत टाकत असताना मागून आवाज आला.

टिक. टिक. टिक.

पायडल न मारता सायकलचं मागचं चाक फिरलं की फ्रीव्हील वाजतं, तसा. सावकाश, एकेक दाणा खाली पडावा तसा. ती वळली आणि आवाज थांबला. मागे पाटाच्या कडेचा रस्ता होता, तोही दहा पावलांपुरता. त्यापुढे नुसतं धुकं, पिंजून ठेवलेल्या कापसासारखं.

"कोण आहे?"

पाटाचं पाणी आपल्याशीच बोलत चाललं होतं.

"या हो, या. घाबरू नका, मी शेपटी आहे!"

एरवी हे ऐकून समोरचा हमखास हसायचा. आज हसायला कोणी पुढे आलं नाही. तिने थोडी वाट पाहिली, मग टांग टाकली आणि दोनशे पावलांवरची दुसरी पट्टी काढायला निघाली.

फेरी सत्तर किलोमीटरची. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेला मदत म्हणून दर वर्षी निघायची. माणसं ओळखीपाळखीत शब्द टाकायची, मी इतकं अंतर चालवीन, तुम्ही त्यामागे काही द्या. आणि पाठीवर एक पुठ्ठा लावून निघायची. पुठ्ठ्यावर नाव नाही, फक्त कोणासाठी ते. आईसाठी. धाकट्या मावशीसाठी. शेजारच्या काकांसाठी. एका बाईच्या पाठीवर दोन वर्षं 'माझ्यासाठी' होतं. तिसऱ्या वर्षी तिच्या मुलीच्या पाठीवर 'आईसाठी' आलं. सकाळी शंभर पाठी रस्त्याला लागल्या की घरंच्या घरं चालली आहेत असं वाटायचं.

वाट दाखवायला पट्ट्या असत. प्रत्येक फाट्यावर एक, जायचं त्या अंगाला बांधलेली. आणि वळल्यावर दोनशे पावलांवर आणखी एक. हिला सगळे धीराची पट्टी म्हणत. वळणावरची पट्टी वाट सांगते, पण वळल्यानंतर माणसाच्या मनात पाल चुकचुकतेच, बरोबर आलो ना? तेव्हा दुसरी पट्टी दिसली की जीव भांड्यात पडतो.

सगळ्यांच्या मागून शेपटी चालायची. शेपटीने कोणाला ओलांडायचं नाही. कोणी दमलं तर तिनेही दमायचं, कोणी बसलं तर तिनेही बसायचं. आणि जाता जाता पट्ट्या सोडवून घ्यायच्या, नाही तर आठवड्याने एखादा भलताच माणूस पट्ट्या बघत बघत भलतीकडे जायचा. ती पुढे सरकली की मागे वाट उरत नसे.

सहा वर्षं ती शेपटी होती. पहिली तीन वर्षं पट्ट्या तिचा नवरा बांधायचा, आदल्या दिवशी, एकटाच सायकलवर जाऊन. त्याची गाठ एका टोकाला ओढली की सुटायची. तो बांधायचा, ती सोडायची. आता दुसरं कोणी बांधत होतं, आणि गाठी बैलाला बांधावं तशा मारत होतं.

पुढच्या वळणावर पाटाच्या कठड्यावर पोस्टमन बसला होता, एक पाय लांब करून. तिच्या पुढचा शेवटचा गडी तोच. त्याच्या पाठीवर 'थोरल्या भावासाठी' होतं आणि चेहऱ्यावर भाऊ समोर येऊन रागावल्यासारखा भाव होता. शेजारी उचलगाडी उभी होती. दमलेल्यांना आणि मोडलेल्यांना उचलणारी गाडी, आणि ती चालवणारे जगाचे मामा.

"आली बघा शेपटी," मामा म्हणाले. "आता तुम्ही शेपूट घालून गाडीत बसा पोस्टमनसाहेब."

"अहो, गोळा आलाय पोटरीत. मी काय पळून चाललोय?"

"तीस वर्षं पत्रं वाटलीत सायकलवर आणि आज गोळा?"

"पत्राला चढ नसतो मामा, घरोघरी थांबा असतो." पोस्टमन तिच्याकडे वळला. "शेपटीबाई, तुमच्या पाठीला पुठ्ठा कसा नाही?"

"माझ्या मागे वाचायला असतं कोण?"

ती हसून म्हणाली खरी, पण म्हणता म्हणता तिचा कान मागे गेला. टिक. टिक. मग काही नाही.

"मामा, येताना मागे कोणी दिसलं?"

"मागे? आता तुमच्या मागे कोण असणार?"

"आवाज येतोय. फ्रीव्हीलचा."

मामांनी कान टवकारले. पोस्टमनने तोंड मिटलं. पाटाचं पाणीसुद्धा हळू चाललं असं तिला वाटलं.

"धुक्यात कान वाजतात," मामा म्हणाले. पण चांगला माणूस; पोस्टमनला आणि त्याच्या सायकलला गाडीत घालून त्यांनी गाडी उलटी वळवली आणि मागे धरणापर्यंत जाऊन आले. काच खाली करून म्हणाले, "पाखरू नाही. एक म्हैस होती, तिच्याकडे सायकल नव्हती."

तिने कप्तानाला फोन लावला. कप्तान म्हणजे फेरी भरवणारा, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला गृहस्थ; अजून फोनवरही ताठ उभा राहून बोलायचा.

"एकशे बारा निघाले," तो म्हणाला. "एकशे दहा पोचले किंवा पोचतायत, नंबर माझ्यासमोर आहेत. पोस्टमन गाडीत. आणि एक तू. झाले की नाही?"

"झाले."

"मग? आवर आणि ये. धुकं वाढतंय."

आवर. तिने फोन खिशात टाकला. गाडीचे लाल दिवे धुक्याने गिळले, आणि रस्त्यावर ती एकटी उरली.

पाट सोडून रस्ता निलगिरीच्या बनात शिरतो आणि तिथून चढ लागतो. चढ मोठा नाही, पण लांब आहे. म्हाताऱ्याच्या गोष्टीसारखा, संपला वाटतो आणि पुन्हा सुरू होतो. ती उभी राहून पायडल मारत होती. झाडांवरून थेंब टपकत होते, आणि थेंबांमध्ये, थेंबांहून वेगळा, थेंबांहून नेमका, तो आवाज चालला होता. टिक. टिक. टिक.

अर्ध्या चढावर ती थांबली.

चढावर फ्रीव्हील वाजत नाही. वाजेलच कसं? चढावर पाय थांबले की सायकल थांबते. उतार लागला, पाय सैल सोडले, तरच ते वाजणार. तिच्या पाठीमागे मैलभर उतार नव्हता, होता तो चढ.

चढावर ते वाजतं एकाच वेळी. माणूस खाली उतरून सायकल हाताने लोटत चालतो तेव्हा.

कोणीतरी पायी येत होतं. दमलेलं. चार पावलं चालून थांबणारं. आणि ती प्रत्येक फाट्यावर त्याच्या नाकासमोरून वाट उचलून पिशवीत घालत आली होती.

शहरातल्या एका हॉटेलात ती खोल्यांची मुकादमीण होती. तीन मजले आणि अकरा मुली तिच्या हाताखाली. पाहुणा गेला की अर्ध्या तासात खोली अशी करायची की तिथे कोणी झोपलं होतं हे भिंतीलाही आठवू नये. आरशावरचे बोटांचे ठसे, उशीवरचा केस, साबणाचा झिजलेला तुकडा, सगळं. नव्या मुलीला पहिल्या दिवशी ती एकच नियम शिकवायची: पाहुण्याने किल्ली काउंटरवर ठेवल्याशिवाय खोलीला हात लावायचा नाही. सामान दिसत नसलं तरी नाही. तो परत येऊ शकतो.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात डॉक्टर तिच्या नवऱ्याबद्दल म्हणाले होते, आता तासांवर आहे. ती दुपारी आंघोळीला म्हणून घरी आली, कपाटातून स्वतःची साडी काढायला गेली आणि तिच्या हातात त्याचा शर्ट आला. घडी विस्कटलेली होती. तिने घडी घातली. मग दुसऱ्याची घातली. कामाला एकदा लागले की तिचे हात थांबत नसत. संध्याकाळपर्यंत कपाट रिकामं झालं, चपला गेल्या, दाढीचं सामान गेलं, औषधांचे डबे गेले, खाट घडी करून पलीकडच्या खोलीत गेली. सायकल हॉटेलच्या पहारेकऱ्याला दिली. त्याला गरज होती. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. रडायचं कामही आवरूनच ठेवावं तसं ती सगळं करत गेली.

चौथ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आठवड्याने त्याला घरी पाठवलं.

नऊ दिवस तो त्या घरात होता. दवाखान्याच्या सदऱ्यावर, शस्त्रक्रियेने आखडलेल्या उजव्या खांद्यावरून तिची शाल पांघरून. दारातून आत आला तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने त्याला दंडाला धरलं होतं. त्याने चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "घर केवढं मोठं झालं गं."

एवढंच. पुढे कधी विचारलं नाही, काय कुठे गेलं. दुसऱ्या दिवशी अंगणात जाऊन सायकलच्या रिकाम्या जागेकडे पाहत उभा होता, तेही पाहुण्यासारखा, हात मागे बांधून.

चढ संपतो तिथे शेवटचा थांबा. लांब टेबल, चहाची मोठी किटली, केळ्यांचा अर्धा घड आणि टेबलामागे ताई. तिची थोरली नणंद. भाऊ गेल्यापासून दर वर्षी याच टेबलाशी उभ्या राहायच्या. दोघींमध्ये कधी वाकडा शब्द नव्हता. सरळ शब्दही मोजकेच होते.

"आलीस? बस. चहा गरम आहे अजून."

ती बसली नाही. कप दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"ताई, माझ्या मागे कोणी दिसतंय का?"

ताईंनी तिच्या खांद्यावरून पाहिलं. नुसतं धुकं बघायला लागतो त्याहून जास्त वेळ पाहिलं.

"धुकं आहे," त्या म्हणाल्या.

"कोणीतरी सायकल लोटत चालतंय. पाटापासून."

"कप्तान म्हणत होते सगळे आले."

"मलाही तेच म्हणाले." तिने घोट घेतला. "आणि मी पट्ट्या काढून टाकल्यात, ताई. सगळ्या."

ताईंनी किटलीचं झाकण लावलं. मग उघडलं. मग पुन्हा लावलं.

"तो घरी आला त्या दिवशी कपाट तुम्ही उघडलं होतंत," ती म्हणाली. आपण हे बोलतो आहोत हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"चादर हवी होती."

"कधी काही बोलला नाहीत."

"त्यानेच बजावलं होतं, बोलू नकोस. म्हणाला, तिने खोली आवरली, तिचं काय चुकलं? मीच उठायला उशीर केला."

"हसत म्हणाला?"

"हसत." ताईंनी टेबलावरचं न सांडलेलं पाणी पुसलं. "पण माझा हात सोडत नव्हता."

निलगिरीतून थेंब पडत राहिले.

"मला राग आला नव्हता असं नको समजूस," ताई म्हणाल्या. "तीन वर्षं इथे उभी राहते. दर वर्षी म्हणते, आज बोलेन. पण तू चहा पितेस, कप विसळून पालथा घालतेस आणि जातेस. तुझ्याशी बोलायला माणसाला फटच राहत नाही गं."

तिने खाली पाहिलं. कप विसळून झाला होता, तिच्याच हातात पालथा होता. कधी विसळला ते तिला आठवेना. तिने तो उताणा केला आणि टेबलावर ठेवला. मग पिशवी चाचपली आणि सायकलचं तोंड उलटं फिरवलं.

"कुठे निघालीस?"

"पट्ट्या बांधायला."

वेड लागलंय का, असं ताई म्हणतील म्हणून ती थांबली होती. ताईंनी विचारलं, "किती फाटे?"

"पाच. धीराच्या धरून दहा पट्ट्या."

"जा मग. मी टेबल आवरत नाही."

बनातल्या फाट्यावर तिने पहिली पट्टी बांधली. तिला त्याची गाठ येत नव्हती. तीन वर्षं सोडवून सोडवून ती कशी सुटते एवढंच माहीत होतं. मग तिने सोडवण्याची रीत उलटी चालवली, टोक मागे, फास पुढे, आणि गाठ बसली. दोनशे पावलं मोजून धीराची पट्टी बांधली. मोजताना चूक वाटली म्हणून परत जाऊन पुन्हा मोजली. पुढच्या फाट्यांना आधी धीराची, मग वळणाची, असं उलट्या वाटेने बांधत बांधत ती उतरू लागली. ओठ हलत होते, पण शब्द कोणते ते तिलाही ऐकू येत नव्हते; वाट बांधते रे वाट, पाऊल टाक रे टाक, असलं काहीतरी, बाळाला चालायला शिकवताना म्हणतात तसलं.

आता आवाज येत नव्हता. हेच अवघड होतं. मघा तो मागे होता म्हणून भीती वाटत होती, आता कुठेच नव्हता म्हणून वाटत होती. उशीर झाला असेल. माणूस भलत्या फाट्याने गेला असेल. बाजूच्या वाटा खाणीकडे जात होत्या, जुन्या वीटभट्टीकडे जात होत्या, आणि एक तर कुठेच जात नव्हती.

फोन वाजला. कप्तान.

"अगं, आहेस कुठे? मांडव सोडायला माणसं आली आहेत. सगळे जेवून चालले."

"एक जण राहिलाय."

"कोण? नंबर सांग."

"चालत येतोय. वेळ लागेल."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. कवायतवाल्या माणसाने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आवाज खाली घेतला. "तू बरी आहेस ना? मामांना पाठवू?"

"नको. गाडीच्या आवाजाने बुजेल."

तिने फोन बंद केला, आणि आपण काय बोललो ते मनात पुन्हा म्हणून पाहायचं टाळलं.

चौथ्या फाट्यावर, कुठेच न जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, जमीन मऊ होती. तिथे चाकाची एक रेघ उमटली होती. भलत्या वाटेने आत गेलेली. रेघेच्या बाजूने पावलं होती, जवळजवळ टाकलेली, आणि अधूनमधून दोन्ही पावलं शेजारी शेजारी, माणूस दम खायला थांबतो तशी. ती वाकली. आधी वाटलं, आपलीच असतील; मघाशी इथे उतरलो होतो. पण ती सायकलच्या डाव्या हाताने चालायची, सगळेच चालतात. ही पावलं उजवीकडे होती, साखळीच्या अंगाला. तिकडून कोणी चालत नाही, कपड्यांना काळं लागतं. ज्याचा उजवा खांदा शस्त्रक्रियेनंतर वर उठत नाही, ज्याला हँडल डाव्या हातानेच धरावं लागतं, असा माणूस तेवढा तिकडून चालतो.

तिने रेघेला बोट लावलं नाही. आत हाकही मारली नाही. हाक मारायला नाव घ्यावं लागलं असतं, आणि नाव घेतल्यावर तिकडून काही आलं नाही तर पुढच्या साऱ्या वर्षांचं तिने काय केलं असतं?

खांबावर तिने पट्टी बांधली, नेहमीपेक्षा उंच, धुक्यातही दिसेल अशी. मग पाटाच्या कडेला बसली, त्या वाटेकडे पाठ करून. पाहुणा खोलीत असताना मुली जिन्यात बसायच्या तशी. गुडघे जवळ घेऊन, हात मोकळे ठेवून. हातांना काही करायला नव्हतं. तिने त्यांना काही दिलंही नाही.

किती वेळ गेला, धुक्याला ठाऊक.

टिक.

लांबून, आतून.

टिक. टिक. मग थांबणं. मग टिक. तिची मान ताठ झाली, पण वळली नाही. आवाज फाट्याच्या तोंडाशी आला आणि थांबला, अगदी तिच्या पाठीशी. कोणीतरी वर पाहत असावं, इतका वेळ. तिच्या मानेवरचा वारा अडला, दारात माणूस उभं राहिलं की अडतो तसा. तिच्या मनात आलं, पुठ्ठा लावला असता तर आज वाचला गेला असता.

मग टिक, टिक, टिक, बरोबर वाटेने, तिच्या डावीकडून, पुढे. पट्टीखालून जाताना कापड हललं. वारा नव्हता.

ती उठली. सायकलवर बसली नाही. हँडल धरलं आणि चालू लागली, बरंच अंतर राखून. आता दोन आवाज होते, एक पुढे, एक मागे, आणि मागचा पुढच्याला जपून. धीराच्या पट्टीपाशी पुढचा आवाज जरा थांबला आणि त्यानंतर पहिल्यापेक्षा मोकळा चालू लागला. तो पुरता पुढे गेल्यावरच तिने हात वर केला आणि टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली.

तिसरा फाटा. दुसरा. बनातला. कुठेही तिने घाई केली नाही. आवाज थांबला की थांबली, निघाला की निघाली. चढ दोघांनी मिळून चढला.

वर टेबलाचा पांढरा आकार दिसू लागला. ताई टेबलामागे नव्हत्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून, आणि चढाकडे बघत होत्या. पुढचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला. थांबला. ताई एक पाऊल मागे सरकल्या, मग दोन पावलं पुढे आल्या.

ताई साऱ्या जगाशी अहोजाहो करून बोलायच्या. पोस्टमनशी, मामांशी, कप्तानाशी. आत्ता धुक्यातून जो आवाज आला तो तिने तीन वर्षांत ऐकला नव्हता. घरातल्या धाकट्यावर काढायचा, थोरल्या बहिणीचा, अर्धा रागाचा आवाज.

"केवढा भिजलायस रे. डोकं पूस आधी."

ती चढाच्या टोकाशी होती तिथेच थांबली. सायकल आपोआप थोडी पुढे सरकली, चाक वाजू पाहत होतं. तिने दोन्ही हातांनी ब्रेक दाबून धरला.